पाळीच्या आधीचा आठवडा आणि दोरीवरच्या उड्या

मागच्या अंकात पाळीच्या आधी होणाऱ्या त्रासाबद्दल (डॉक्टरी भाषेत पीएमएस) एका वाचक मैत्रिणीला उत्तर देताना मी शेवटी "आणि हो, थोडा व्यायामही करा" असं लिहून मोकळी झाले होते. तेच नडलं. महिनाभर पत्रं येतायत (पत्रं म्हणायचं आपलं, असतात सगळे मेल आणि व्हॉट्सॲप) की डॉक्टर, थोडा म्हणजे किती, कुठला, कधी, आणि जी पोरगी त्या दिवसांत पलंगावरून उठत नाही तिला उठवायचं कोणी. बरीचशी पत्रं आयांची, काही मुलींची, एक पीटीच्या सरांचं आणि एक बाबांचं. त्यातली काही घेतेय, यावेळी दुसरा विषयच नको.

"माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीला आहे. पाळी यायच्या पाच-सहा दिवस आधीपासून ती वेगळीच कुणीतरी होते. दार आपटणं, भावावर खेकसणं, मग एकटीच रडणं, पोट फुगलंय म्हणून युनिफॉर्मचं हुक उघडं ठेवणं, रात्री अकराला वेफर्स. पाळी आली की एक-दोन दिवसांत परत माझी गुणाची पोर. पहिली पाळी तेराव्या वर्षी आली तेव्हा असं काहीच नव्हतं. सासूबाई म्हणतात या दिवसांत मुलींनी आराम करावा, जाऊबाई म्हणतात पळायला लाव, सगळं पळून जाईल. नक्की काय करू?"
– एक आई, सांगली

ताई, सासूबाईंचं थोडं बरोबर, जाऊबाईंचं जरा जास्त बरोबर, पण त्या "लाव" शब्दाशी माझं भांडण आहे, त्याच्याकडे येतेच.

आधी हा पीएमएसच आहे का ते बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "पाळी आली की परत गुणाची पोर". पीएमएस ओळखायचा तो तारखांवरून. चिडचिड काय, रडू काय, ते कुणालाही कधीही येतं. आम्ही जो निकष लावतो तो असा की पाळीच्या आधीच्या पाच दिवसांत मनाचं निदान एक आणि शरीराचं निदान एक लक्षण, असं सलग तीन पाळ्यांना, पाळी सुरू झाल्यापासून चार दिवसांत ते ओसरायला हवं आणि तेराव्या दिवसापर्यंत परत डोकं वर काढायला नको, शिवाय त्यामुळे शाळा, अभ्यास, घरातली माणसं यात खरोखरच अडायला हवं. महिनाभर उदास आणि पाळीच्या आधी जरा जास्त उदास असं असेल तर मग ते वेगळं प्रकरण, तिथे डिप्रेशन, थायरॉइड, दहावीचं टेन्शन, झोप असं बाकीचं शोधायला लागतं.

त्यामुळे पहिले दोन महिने फक्त नोंद. ॲप वापरा नाहीतर वही, मला काय. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, जिथे आई दुधाचा हिशोब लिहिते ना, तिथेच पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या होत्या. रडू आलं की टिंब, राग आला की फुली, पोट फुगलं की गोल. घरात कुणालाही कळलं नाही, बाबांना वाटलं दूधवाल्याचे खाडे आहेत. दोन महिन्यांची ती पानं शेजारी शेजारी ठेवली तर फुल्या-गोलांचे दोन ठळक पुंजके आणि मधे कोरी जागा. मला वेगळं काही विचारायलाच लागलं नाही. फक्त एक अट, नोंद मुलीनं स्वतः ठेवायची आणि आठवून आठवून महिन्याच्या शेवटी भरायची नाही, त्या त्या दिवशी. आठवणीवर भरलं की सगळं पाळीच्याच खात्यावर जमा होतं.

आता "आधी असं काहीच नव्हतं" याचं कारण. पहिली पाळी आल्यावर सुरुवातीची एक-दोन वर्षं बऱ्याच मुलींमधे पाळी येते पण दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून तर तेव्हा चक्र कधी २१ दिवसांचं कधी ४५ दिवसांचं होतं आणि त्या वयात ते चालतं. पीएमएस मात्र बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यातला खेळ आहे. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्याच्यापासून शरीर आणखी एक द्रव्य बनवतं (नाव ॲलोप्रेग्नॅनोलोन, पाठ करू नका) जे मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतं, आणि काही जणींच्या मेंदूला त्याची चढउतार सोसत नाही, सोबत मूड सांभाळणारं सेरोटोनिनही डळमळतं. या मुलींचे हार्मोन तपासले तर बहुतेक वेळा अगदी नॉर्मल येतात, म्हणून हजार-दोन हजाराची हार्मोन प्रोफाइल लगेच करून आणू नका. मुलीचं काही बिघडलेलं नाही, तिचं चक्र आता नीट चालायला लागलंय आणि त्याचा हा उपद्रव आहे. हे तिला असंच सांगा. १५ वर्षांच्या मुलीला आपण वेड्या होतोय की काय असं खरंच वाटत असतं.

आता व्यायाम. सायन्स काय म्हणतं ते सरळ सांगते. एरोबिक व्यायाम म्हणजे ज्यात मोठे स्नायू एका लयीत बराच वेळ हलतात आणि छाती धडधडते, भरभर चालणं, पळणं, सायकल, पोहणं, दोरी, नाच. यावर झालेले अभ्यास बरेच आहेत पण छोटे आहेत, बहुतेक कॉलेजच्या मुलींवर आणि मोठ्या बायकांवर, शाळेतल्या मुलींवर कमी. त्यांचा कल एकाच बाजूला आहे की आठवड्यातून तीन-चार दिवस, साधारण दोन-तीन महिने केला तर चिडचिड, थकवा, फुगणं, दुखणं कमी होतं. गोळीसारखं खाडकन नाही. इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमधेही तो सुरुवातीच्या उपायांमधे आहे, आणि याचं एक साधं कारण हेही आहे की साइड इफेक्ट म्हणून झोप सुधारते आणि भूक ताळ्यावर येते, असं औषध मला दुसरं लिहून देता येत नाही.

बहुतेक घरांत जे चुकतं ते वेळेचं. मुलगी आदळआपट करायला लागली की आई म्हणते, चल, उद्यापासून पहाटे साडेपाचला ग्राउंडवर. म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात, जेव्हा अंग जड आहे, छाती दुखतेय, झोप झालेली नाही, तेव्हा व्यायामाचा श्रीगणेशा. तो तिसऱ्या दिवशी मोडतोच आणि मग "हिला काही करायलाच नको" असा शिक्का. उलटं करा. पाळी संपली की सुरुवात करा. पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून पुढचे दहा-बारा दिवस मुलींना एकदम हलकं वाटतं, तेव्हा सवय बसवायची, आणि तो शेवटचा आठवडा आला की निम्मं करायचं पण बंद करायचं नाही. पळत असेल तर चालायचं, चाळीस मिनिटं असेल तर वीस. सासूबाईंचा आराम तो हा एवढाच.

किती? सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरे, खरंच. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत महिन्या-दीड महिन्यात तीस-चाळीस मिनिटांवर आणा, आठवड्यातून चार-पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, पण त्यात शाळेत चालत जाणं, खेळणं सगळं धरलेलं आहे. वेग कसा ओळखायचा तर बोलून बघायचं, व्यायाम करताना मैत्रिणीशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फिरायला आलायत. दोन शब्दांत धाप लागत असेल तर कमी करा. घड्याळात नाडी बघायची हौस असेल तर १५ वर्षांच्या मुलीला १३० ते १५५ च्या आसपास धरा, नसेल तर काही अडत नाही.

आणि तो "लाव" शब्द. दहावीच्या मुलीच्या दिवसात आधीच शाळा, क्लास, टेस्ट सिरीज लावलेली आहे, त्यात आणखी एक लावलेली गोष्ट गेली की ती तिची शत्रूच होणार. तिला आवडतं ते विचारा. नाच आवडत असेल तर खोलीचं दार लावून पाच गाणी, झाली वीस मिनिटं. शक्य असेल तर तुम्ही बरोबर जा, तुमचंही वय आता पाळी मागेपुढे व्हायचं असणार, दोघींचं एकदम होईल. वजनाचा विषय मात्र काढायचा नाही, "थोडी बारीक पण होशील" हे वाक्य तर नकोच नको, त्यानं फुगलेलं पोट आरशात दुप्पट दिसतं.

वेफर्सचं म्हणाल तर ओरडून उपयोग नाही, डब्यात शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याची वडी असं काही ठेवा. कॅल्शियमबद्दल बरा पुरावा आहे, १९९८ मधे अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळजवळ निम्म्यावर आला, तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचा साधारण तीस टक्क्यांनी कमी झाला. लगेच गोळ्या नका आणू, दूध-दही आणि नाचणी वाढवा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, सकाळी आंबील आणि रात्री भाकरी केली की बरंच काम होतं. आणि झोप. या वयाला आठ ते दहा तास लागते. दहावीच्या पोरांना सहा मिळते. ते मी पत्रातून सोडवू शकत नाही, पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात तरी रात्री अकरानंतर पुस्तक बंद एवढं करून बघा.

"मी अकरावीत आहे. मला व्यायाम करायचाय पण कुठे करू? वन बीएचकेत आम्ही पाच जण आहोत. खाली पळायला गेलं की पार्किंगमधली मुलं बघतात. आणि पाळीच्या आधी छाती इतकी दुखते की जिना उतरतानाही हात धरावा लागतो. क्लासवरून घरी यायला साडेआठ होतात."
– नाव नको, डोंबिवली

अगं, तुझं पत्र वाचून मला आमच्या चाळीची गच्ची आठवली, संध्याकाळी पापड काढले की आमची दोरी सुरू व्हायची, खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या आणि आम्ही दोन मिनिटं थांबून परत.

आधी छातीचं. त्याला औषध म्हणजे चांगली स्पोर्ट्स ब्रा. लाड नाही तो, बुटांइतकीच गरजेची वस्तू आहे, आईला हे पान दाखव. घेताना दुकानात घालून जागेवर दहा उड्या मारून बघायच्या, हललं तर साइज चुकीची, आणि श्वास अडकला तरी चुकीचीच. पाळीच्या आधी छाती थोडी भरते त्यामुळे मागे हुक असलेली मिळाली तर बरं, एक हुक सैल करता येतं. एवढं करूनही त्या तीन-चार दिवसांत उड्या नकोतच, तेव्हा जिना.

जिना हा डोंबिवलीकरांचा सगळ्यात दुर्लक्षित जिम आहे. चार मजले चढायचे, दमानं उतरायचे, पाच-सहा वेळा केलं तरी पंधरा मिनिटं होतात, आणि जिन्यात कुणी टक लावून बघत बसत नाही. लिफ्ट बंद असेल तर शंकाही येणार नाही. बाकीच्या दिवसांत दोरी, साठ-सत्तर रुपयांत मिळते आणि तिला सतरंजीएवढी जागा लागते. दोरी एकदम पाच मिनिटं जमत नाही, अर्धा मिनिट उड्या अर्धा मिनिट थांबायचं असं दहा वेळा, पुढच्या आठवड्यात पंधरा. चवड्यावर उतर, टाच आपटायची नाही, उडी दोन बोटं उंच पुरते. गच्ची बंद असेल, खालचे ओरडत असतील तर दोरी न घेता नुसती जागेवरची धाव.

आणि एक गंमत सांगू, तुझ्या आजीला मंगळागौरीचे खेळ येत असतील तर शिकून घे. फुगडी, झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, सूप फिरवत नाचणं... रात्रभर जागून हे खेळणाऱ्या बायकांना कुणी एरोबिक्स म्हणून सांगितलं नव्हतं, पण एक फुगडी मनापासून घालून बघ आणि मग गाणं म्हणून दाखव. सूर्यनमस्कारही चालतील, सावकाश घातले तर ते स्ट्रेचिंग, भरभर बारा-पंधरा घातले तर दम काढतात.

साडेआठला घरी येतेस तर क्लासचा एक स्टॉप आधी उतरून भरभर चालत ये, रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा असेल तरच आणि मैत्रीण सोबत असेल तर उत्तमच. पंधरा मिनिटं तिथेच झाली. पार्किंगमधल्या मुलांचं माझ्याकडे औषध नाही, दोन-तीन जणी मिळून खाली उतरलात की ती आपोआप गाडीखाली काहीतरी शोधायला लागतात असा अनुभव आहे.

"मी माध्यमिक शाळेत पीटी शिकवतो. आठवी ते दहावीच्या वर्गात दर तासाला सात-आठ मुली 'सर, बरं नाहीये' म्हणून झाडाखाली बसतात. मला विचारायला संकोच वाटतो, त्यांना सांगायला. काही खरंच आजारी, काही टाळतात हे कळतं. जबरदस्ती करावी की सोडून द्यावं?"
– एक शिक्षक, जि. बुलढाणा

सर, तुम्ही विचारलंत यातच अर्धं झालं. आमच्या वेळी आमचे सर "मुली बसा" एवढंच म्हणायचे आणि मुलं क्रिकेट खेळायची, आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताच्या बाईंना जायचा तो वेगळाच.

जबरदस्ती नको, सोडूनही नको. तिसरं काहीतरी ठेवा, म्हणजे "खेळायचं नसेल तर मैदानाला चार चकरा चालून ये, मग बस". कारण विचारायचंच नाही. खरंच दुखत असेल ती दोन चकरा मारून बसेल, टाळणारी गप्पा मारत सहा मारेल, दोघींचं भलं. संकोच तुम्हाला आहे तर शाळेतल्या एखाद्या बाईंना मधे घ्या, पॅड कुठे मिळेल, कचऱ्याचा डबा कुठे, संडासात पाणी आहे का, हे एकदा मुलींना सांगून टाकलं की झाडाखालची गर्दी निम्मी होते बघा. बऱ्याच जणी डागाच्या भीतीनं बसलेल्या असतात, पांढरा पीटीचा ड्रेस बदलून गडद सलवार किंवा ट्रॅकपँट चालू द्या. विम्बल्डननंसुद्धा २०२३ पासून मुलींना पांढऱ्या स्कर्टखाली गडद चड्डी घालायची परवानगी दिली, मग आपल्या शाळेला काय अडचण.

खेळ म्हणाल तर लेझीम परत काढा. लेझीम, हलगी आणि एक बरा हलगीवाला मिळाला तर ज्या मुली पळायला सांगितल्यावर तोंड वाकडं करतात त्याच अर्धा तास नाचतात आणि थांबा म्हटलं तर थांबत नाहीत. खो-खो आहेच.

पण एक गोष्ट सर, जी मुलगी दर वेळी अर्ध्या चकरेत धापा टाकते, जिभेचा रंग फिका, नखं पांढुरकी, ती आळशी नाही, तिचं हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुमच्या वर्गात निम्म्याहून जास्त धरून चला. रक्त कमी असताना एरोबिक व्यायाम कितीही चांगला असला तरी तिला तो शिक्षाच वाटणार. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी येते ना, ती जेवणानंतर तुमच्यासमोर घ्यायला सांगा, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि मग गोळ्या खिडकीबाहेर जातात. लगेच वर चहा नको. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

"पाळीच्या आधी मी ठीक असते पण पहिल्या दिवशी पोटात इतके गोळे येतात की शाळा बुडते. व्यायामानं जाईल का? आणि पाळी चालू असताना पळलं तर चालतं का?"
– नववीतली एक, रत्नागिरी

हा पीएमएस नाही, हे पाळीचं दुखणं, गर्भाशय आकुंचन पावतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे. पण व्यायाम इथेही उपयोगी आहे, आठवड्यातून तीन दिवस पाऊण ते एक तास केला तर महिन्यागणिक दुखणं बरंच कमी होतं असं दिसलंय, भरभर केलेला असो की सावकाश. पाळीत पळलेलं चालतं, पोहलेलंही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधे चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिले झाल्यावर कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाली की काल रात्रीच पाळी आलीय म्हणून दमले. तुला त्या दिवशी नको वाटलं तर नको करू, गरम पाण्याची पिशवी घे. गोळी लागली तर डॉक्टरांना विचारूनच आणि खाल्ल्यावर. मैत्रिणीच्या दप्तरातली मेफेनॅमिक ॲसिडची (दुखणं थांबवायची) गोळी घेऊ नकोस, त्या औषधाबद्दल २०२३ मधे आपल्याकडे इशाराही निघालाय, अंगावर पुरळ किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं. आणि गोळी घेऊनही शाळा बुडतच राहिली, किंवा रक्तस्राव सात दिवसांच्या वर जायला लागला, किंवा दर एक-दोन तासाला पॅड भिजत असेल तर थांबायचं नाही, दाखवायचं.

"मी १७ वर्षांची, लांब पल्ल्याचं पळते, सकाळ-संध्याकाळ मिळून बारा-पंधरा किलोमीटर. चार महिने पाळीच आली नाही. पीएमएस पण बंद! कोच म्हणतात चांगलंय, ट्रेनिंग लागलं. खरंच चांगलं आहे का?"
– माण तालुका, सातारा

नाही. तुझ्या कोचचा अनुभव मोठा असेल, पण हे चुकतंय.

तुझ्याच तालुक्यातल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला दहाव्या आल्या, तेव्हा पळू नकोस असं मी तुला कशाला सांगेन. पळण्यानं पाळी जात नाही, पळण्याच्या मानानं खाणं कमी पडलं की जाते. शरीर हिशोब करतं आणि ज्याच्यावाचून जगता येतं ते खातं आधी बंद करतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी पडलं की हाडं भरत नाहीत, आणि हाडं भरायचं वय हेच आहे, मग नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात आणि सीझन बसून काढायला लागतो. तीन महिने पाळी नाही आली की तपासायचं असा नियम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, त्या थायरॉइड वगैरे आणि गरोदर नाहीयेस ना तेही तपासतील, तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, राग मानू नकोस. तोवर ट्रेनिंग कमी, आणि पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पोटात, भाकरी-उसळ, दूध-केळी, अंडी. पीएमएस परत आला तर कुरकुर कर पण मनातून बरं वाटू दे.

"सगळे म्हणतात व्यायाम कर, ध्यान कर. मी करते. तरी दर महिन्याला त्या आठवड्यात मला वाटतं की मी नसलेलीच बरी. पाळी आली की असं का वाटलं तेच कळत नाही."
– १८ वर्षं, नाव गाव नको

तू लिहिलंस हे फार बरं केलंस. तुला आम्ही इथे व्यायाम सांगणार नाही. हे पीएमएसच्या पुढचं असू शकतं, त्याला पीएमडीडी म्हणतात, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आहे, आणि त्याला चांगली औषधं आहेत, काही औषधं तर फक्त पाळीच्या आधीच्या पंधरवड्यापुरती घेऊनही चालतात. तुझ्या इच्छाशक्तीचा यात काही संबंध नाही. घरातल्या एका माणसाला आजच सांग, कुणालाही, मावशीला, दादाला. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे आणि पुढचा तो आठवडा यायची वाट बघू नकोस. तसा विचार परत आला तर एकटी बसू नकोस, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ लाव, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. जीवाला धोका वाटला तर सरळ हॉस्पिटल. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही जाता येतं. मला परत लिही, मी वाट बघतेय.

"बायको बदलीमुळे नागपूरला, मी आणि मुलगी (१४) पुण्यात. आम्ही रोज संध्याकाळी सोसायटीत बॅडमिंटन खेळतो. महिन्यातले काही दिवस ती एकतर येतच नाही किंवा आली तर शटल फोडते. मला कारण समजतं, पण बाप म्हणून बोलू कसं?"
– एक बाबा, पुणे

जे करताय ते चालू ठेवा, तुमच्या नकळत तुम्ही वरच्या सगळ्या आयांच्या पुढे आहात. पाळी हा शब्द घरात एकदा साधेपणानं वापरा, किराणा आणताना "पॅड संपलेत का गं, आणतो" एवढं पुरे, भाषण नको. त्या दिवसांत "चल ना, एकच गेम" म्हणा, नाही म्हणाली तर "बरं, दुकानापर्यंत चालत येतेस का" आणि तेही नाही म्हणाली तर सोडून द्या, उद्या परत विचारा. भांडणात मात्र "तुझे ते दिवस आलेत वाटतं" हे चुकूनही बोलायचं नाही, तिला राग खरोखरच्या कारणानं पण येऊ शकतो, तुम्ही ओला टॉवेल पलंगावर टाकला असेल.

आणि पिसांची शटल त्या आठवड्यात बाहेर काढू नका, प्लॅस्टिकची वापरा, परवडतील.